मेजर आर्मस्ट्राँग

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई नावाचे गाव आहे. मिरचीच्या बाजारपेठेसाठी आसपासच्या मुलखात ते ओळखले जाते. हंगामात तेथे गाड्यांची रीघ लागते. व्यापाऱ्यांच्या बोली, हमालांच्या हाका, शेतकऱ्यांची घासाघीस या सर्वांचा एकच कल्लोळ उठतो. तरीही त्या कल्लोळात आपल्या मालाची बोली शेतकऱ्याच्या कानाला नेमकी ऐकू येते. माणसाच्या कानाला ही किमया निसर्गाने दिलेली आहे. यंत्राला ती कोणी तरी शिकवावी लागते.

खेडोपाडी मध्यम लहरींच्या ट्रान्झिस्टरचे दिवस ऐन भरात होते तेव्हा अशा गावांत एक गंमत रोज अनुभवास येई. दिवसा जळगाव, परभणी यांसारखी जवळची केंद्रे तेवढी स्वच्छ लागत. दिवस मावळला, की वातावरणाच्या अतिउंच थरांवरून परावर्तित होऊन दूरदूरच्या केंद्रांच्या लहरी येऊ लागत आणि तारसूचीवर, म्हणजे रेडिओच्या तबकडीवर, जणू मोठा बाजारच भरे. एक किल्ली किंचित फिरवली की मराठी बातम्या, आणखी थोडी फिरवली की परभाषेतील गाणे. हे सारे सूर हवेतून एकाच वेळी त्या लहानशा डब्यात शिरत. परंतु डबा त्यांतील एकच सूर निवडून देई. ही निवड करण्याची युक्ती एका अमेरिकन माणसाने बसवून दिली. रेडिओचे यंत्र हातात खेळवणाऱ्या प्रत्येकावर त्याचे ऋण आहे. पण त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते.

एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग याचा जन्म 18 डिसेंबर 1890 रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील एका नामांकित ग्रंथप्रकाशन संस्थेत नोकरीस होते. आई पूर्वी शिक्षिका होती. एडविन आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला एक दीर्घ आजार जडला. त्यातून तो उठला खरा. परंतु मान व खांदे अवचित उडवण्याची खोड त्या आजाराने मागे ठेवली आणि ती जन्मभर गेली नाही. दोन वर्षे त्याला शाळेबाहेर राहावे लागले. मुलाला मोकळी हवा मिळावी म्हणून 1902 साली हे कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स गावी राहावयास गेले.

आजारी मुलगा घरात बसून पुस्तके वाची. वडील त्याला शोधकांच्या कथा आणून देत. त्यांत मार्कोनीची हकिकत त्याने वाचली आणि चौदाव्या वर्षी आपण शोधकच व्हायचे असे त्याने मनाशी ठरवून टाकले. असे बेत पुष्कळ मुले करतात. एडविनने मात्र पोटमाळ्यावरील आपली खोली तारा, वेटोळी व काचेच्या नळ्या यांनी भरून टाकली आणि अंगणात स्वतःच्या हातांनी सुमारे 125 फूट उंचीचा आकाशतारेचा खांब उभारला. तो त्या खांबावर चढू लागला म्हणजे शेजारी भयभीत होत. त्याला मात्र उंचीचे भय कधीच वाटले नाही. हा विशेष पुढे त्याच्या आयुष्यात वारंवार दिसतो.

त्या काळी अमेरिकेत अशी शेकडो मुले होती. कोणाच्याही पैशावाचून, केवळ आवडीखातर, घरच्या घरी यंत्र जुळवून एकमेकांना बिनतारी संदेश पाठवणाऱ्या या मंडळींना हौशी रेडिओवाले म्हणत. त्यांच्या यंत्रांतून संदेश येत ते इतके क्षीण, की कानाला श्रवणी लावून श्वास रोखून बसावे लागे. एडविन कोलंबिया विद्यापीठात विद्युत् अभियांत्रिकी शिकू लागला. शाळा संपल्याबद्दल वडिलांनी दिलेल्या तांबड्या मोटारसायकलवरून तो रोज याँकर्सहून विद्यापीठात ये-जा करी. दिवसा अभ्यास आणि रात्री पोटमाळा, असा त्याचा क्रम होता.

ली डी फॉरेस्ट नावाच्या शोधकाने 1906 साली ऑडिऑन नावाची निर्वात नळी तयार केली होती. ती संदेश टिपण्यास उपयोगी पडे. परंतु ती नेमके काय करते याची नीट कल्पना कोणासच नव्हती. एडविनने तिचा पद्धतशीर अभ्यास केला. नळीतून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा थोडा अंश पुन्हा तिच्याच प्रवेशद्वारी आणून सोडला तर काय होईल, असा विचार 1912 च्या उन्हाळ्यात त्याच्या मनात आला. झोपाळा परत येताच प्रत्येक वेळी त्याला हलकासा धक्का दिला म्हणजे लहान मूलही मोठा झोका चढवू शकते. तसाच हा प्रकार होता. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात एके रात्री यंत्र जुळले आणि श्रवणीत दबक्या आवाजाऐवजी खणखणीत संदेश घुमू लागले. आनंदाच्या भरात त्याने झोपलेल्या बहिणीला उठवले. आयर्लंडमधील केंद्राचे संदेश, प्रशांत महासागरातील होनोलुलूचे संदेश त्या पोटमाळ्यावर ऐकू येऊ लागले.

या शोधाचे एकस्व, म्हणजे सरकारी हक्कपत्र, घेण्यास पैसे हवे होते. पदवी हाती आल्यावाचून ते देण्यास वडील तयार नव्हते. शेवटी एडविनने आपल्या यंत्राची आकृती काढून 31 जानेवारी 1913 रोजी तिच्यावर साक्षांकनाचा शिक्का मारून घेतला आणि एकस्वाचा अर्ज पुढे ऑक्टोबरात केला. हे काही महिने त्याला फार महाग पडावयाचे होते.

या पहिल्या यंत्रात एक दोषही होता. झोपाळ्याला धक्के अधिक बसले की तो जसा आवरत नाही, तशी ती नळी परतीचा प्रवाह जास्त झाला की स्वतःच लहरी फेकू लागे. मग ऐकणाऱ्याच्या यंत्रातून शिट्ट्या निघत, आणि तेवढ्यावर न थांबता त्या आळीतील इतरांच्या यंत्रांतही शिरत. ऐकण्याचे साधन असे शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव देणारे होऊन बसे.

1917 साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. आर्मस्ट्राँग सैन्याच्या संदेशवहन विभागात कॅप्टन म्हणून दाखल झाले व त्यांना पॅरिसला पाठवण्यात आले. पुढे ते मेजर झाले. ही पदवी त्यांना जन्मभर चिकटली. शत्रू अतिशय आखूड लहरींवर संदेश पाठवत असावा असा सैन्याचा कयास होता. त्या वेळच्या नळ्या लांब लहरींचे वर्धन चांगले करीत. परंतु लहरी आखूड झाल्या, म्हणजेच त्यांची कंपने दर सेकंदाला फार वाढली, की त्या हतबल होत. नळ्या सुधारण्याच्या खटपटीत पुष्कळ जण होते. आर्मस्ट्राँग यांनी प्रश्न उलटा केला. नळीला जलद कंपने झेपत नसतील, तर कंपनेच सावकाश करून तिच्यापुढे ठेवावीत.

ही गोष्ट कशी साधते हे ज्याने तंबोरा लावताना ऐकला असेल त्याला चटकन कळेल. दोन तारा जवळजवळ एका सुरात लागल्या, पण अजून किंचित फरक उरला, म्हणजे आवाज एकसारखा न राहता हेलकावे खाऊ लागतो. एक तार सेकंदाला 200 वेळा आणि दुसरी 204 वेळा कंप पावत असेल, तर सेकंदाला 4 हेलकावे ऐकू येतात. दोन जलद कंपनांच्या मिलाफातून त्यांच्या वजाबाकीइतके एक सावकाश कंपन निर्माण होते. बिनतारी लहरींच्या बाबतीत हे तत्त्व अमेरिकेतीलच रेजिनल्ड फेसेंडन यांनी पूर्वी वापरले होते. आर्मस्ट्राँग यांनी त्यावर नवे यंत्र उभारले. बाहेरून येणाऱ्या लहरीत यंत्रातच उत्पन्न केलेली दुसरी लहर मिसळावयाची, त्यांच्या फरकाची सावकाश लहर वेगळी काढावयाची आणि तिचे मनसोक्त वर्धन करावयाचे. 1918 साली त्यांनी असे आठ नळ्यांचे यंत्र तयार करून दाखवले. त्याचे नाव सुपरहेटरोडाइन. याच सुमारास फ्रान्समधील ल्यूसियन लेव्ही यांनाही हीच कल्पना सुचली होती आणि तिच्या हक्कावरून पुढे वाद झाला. परंतु ती कल्पना प्रत्यक्ष चालत्या यंत्रात उतरवून जगाच्या हाती देण्याचे मोठे काम आर्मस्ट्राँग यांचे.

युद्ध संपले. 2 नोव्हेंबर 1920 रोजी पिट्सबर्ग शहरी केडीकेए हे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि पाहता पाहता अमेरिकेत नभोवाणीची लाट उसळली. 1922 च्या अखेरीस तेथे पाचशेहून अधिक केंद्रे झाली होती आणि प्रारंभी तर जवळजवळ सर्वांना 360 मीटर ही एकच लहर नेमून दिलेली होती. मग ऐकणाऱ्यांची काय दशा झाली असेल ते सांगावयास नको. एका केंद्रावरील व्याख्यानात दुसऱ्या केंद्रावरील वाद्यवृंद वाजू लागे. हौशी रेडिओवाल्यांची अवस्था त्याहून बिकट होती. 1912 च्या कायद्याने त्यांना 200 मीटर व त्याखालील लहरी वाटून दिल्या होत्या. शेकडो मैलांवरच्या मित्राचा क्षीण संदेश ते टिपू पाहत, आणि गावातच उभ्या राहिलेल्या नभोवाणी केंद्राचा प्रचंड आवाज त्यांच्या यंत्रात घुसे. ढोलताशाच्या शेजारी उभे राहून पलीकडच्या डोंगरावरची बासरी ऐकण्यासारखेच ते होते.

येथे सुपरहेटरोडाइनचा दुसरा गुण प्रकट झाला आणि तो पहिल्याहूनही मोलाचा ठरला. जुन्या यंत्रात प्रत्येक केंद्रासाठी सर्व वेटोळी नव्याने जुळवावी लागत, आणि ती कितीही जुळवली तरी जवळची दोन केंद्रे नीट वेगळी होत नसत. धान्याच्या प्रत्येक जातीसाठी निराळी चाळण बाळगण्याचाच तो प्रकार होता. नव्या यंत्रात चाळण एकच असते. ती कारखान्यातच एकदा बारकाईने जुळवून कायमची बसवलेली असते, आणि हवे ते धान्य त्या चाळणीच्या मापाचे करून घेतले जाते.

एक उदाहरण घेऊ. मुंबईचे एक केंद्र 1044 किलोहर्ट्झवर लावावयाचे आहे, आणि यंत्राची चाळण 455 किलोहर्ट्झची आहे. किल्ली फिरवताच यंत्रातील दोलक 1499 किलोहर्ट्झची लहर उत्पन्न करतो. 1499 मधून 1044 वजा केले की 455 उरतात; ही लहर चाळणीतून आरपार जाते. शेजारचे केंद्र 1053 वर असेल तर त्याची वजाबाकी 446 येते. ते चाळणीतच अडते. दुसरे केंद्र हवे असेल तर चाळणीला हात न लावता केवळ दोलक बदलावयाचा. पिंपळगावच्या ओट्यावर रात्री एका बोटाने किल्ली फिरवणाऱ्या श्रोत्याला ही सारी वजाबाकी आपल्यासाठी चालली आहे याची जाणीवही नसे.

तथापि या युक्तीलाही एक चोरवाट आहे आणि हौशी रेडिओवाल्यांना ती फार लवकर कळून आली. समजा, एखादा हौशी मनुष्य 7050 किलोहर्ट्झवर आपल्या मित्राला ऐकत आहे आणि त्याच्या यंत्रातील दोलक 6595 वर आहे. फरक 455. आता 6140 किलोहर्ट्झवर एखादे बलाढ्य नभोवाणी केंद्र असेल तर 6595 मधून 6140 वजा करूनही 455 च उरतात. चाळणीला दोन्ही सारखीच. ती दोघांनाही आत घेते. यावर उपाय चाळणीत नाही, दारात आहे. आकाशतार यंत्रात शिरते तेथेच एक-दोन जुळवलेली वेटोळी ठेवून नको त्या लहरींना आधीच परतवावे लागते. केंद्र अगदी जवळ असेल तर तेवढेही पुरत नाही. पहिली नळीच त्याच्या जोराने दबून जाते आणि मग पुढची चाळण कितीही सुरेख असली तरी व्यर्थ. अशा वेळी हौशी मंडळी एक वेटोळे व एक संधारित्र यांची जोडी त्या त्रासदायक केंद्राच्या लहरीशी जुळवून आकाशतारेच्या वाटेत बसवतात. ही जोडी त्या एका लहरीला तेवढी अडवते व इतरांना जाऊ देते. तरंगांचा हा सापळा चार आण्यांच्या सामानात तयार होई, आणि महागड्या यंत्रालाही न साधणारे काम करून दाखवी.

नभोवाणी व हौशी मंडळी यांची ही शेजारधर्माची कुरकूर पुढे दीर्घकाळ चालली. आशिया व युरोपात 7100 ते 7200 किलोहर्ट्झचा पट्टा नभोवाणी केंद्रांनी व्यापलेला होता. तो त्यांनी 29 मार्च 2009 रोजी आंतरराष्ट्रीय करारान्वये सोडला, तेव्हा कुठे हौशी लोकांना तेथे मोकळा श्वास मिळाला.

डिसेंबर 1921 मध्ये या हौशी मंडळींनी एक मोठे साहस केले. त्यांच्या आखूड लहरी फार दूर जाऊच शकत नाहीत, असे जाणकार म्हणत. आर्मस्ट्राँग व त्यांच्या पाच मित्रांनी कनेक्टिकट राज्यातील ग्रीनिच येथे स्वतःचे प्रक्षेपण केंद्र उभारले. पॉल गॉडले नावाचा त्यांचा एक सहकारी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसन येथे गेला. थंडी, पाऊस आणि सोसाट्याचा वारा यांत एक तंबू ठोकून तो रात्रभर श्रवणी लावून बसे. त्याच्याजवळ सुपरहेटरोडाइन जातीचे यंत्र होते. अटलांटिक महासागर ओलांडून ग्रीनिचचा संपूर्ण संदेश त्याच्या कानी पडला तेव्हा हौशी माणसांची टवाळी करणारे गप्प झाले.

आता आर्मस्ट्राँग यांच्याकडे पैशाचा ओघ सुरू झाला. आपल्या शोधांचे हक्क विकून ते लक्षाधीश झाले. आर.सी.ए. या बलाढ्य रेडिओ कंपनीत त्यांच्याइतके समभाग अन्य कोणाही व्यक्तीजवळ नव्हते. कंपनीचे प्रमुख अधिकारी डेव्हिड सारनॉफ हे त्यांचे जुने स्नेही. सारनॉफ यांची चिटणीस मॅरियन मॅकिनिस हिच्याशी 1923 च्या डिसेंबरात आर्मस्ट्राँग यांचा विवाह झाला. विवाहाची भेट म्हणून त्यांनी पत्नीला हातात उचलून नेता येईल असा सुपरहेटरोडाइन रेडिओ स्वतः बनवून दिला. तत्पूर्वी त्याच वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमधील एका उत्तुंग इमारतीवरच्या प्रक्षेपण मनोऱ्यावर चढून अगदी टोकाच्या गोळ्यावर उभे राहून दाखवले होते! सारनॉफ त्यामुळे फारच संतापले. तो संताप गैर नव्हता असेच म्हणावे लागेल.

याच वर्षांत एक कटू प्रकरण सुरू झाले होते. पोटमाळ्यावरील तो पहिला शोध आपला आहे असा दावा डी फॉरेस्ट यांनी लावला. न्यायालयांत निकाल उलटसुलट होत गेले आणि 1934 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने अखेरचा निर्णय दिला. तंत्रज्ञांना तो निर्णय पटला नाही. याच शोधासाठी रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने 1917 साली आपले पहिले सन्मानपदक आर्मस्ट्राँग यांना दिले होते. आर्मस्ट्राँग हे मानी गृहस्थ. जो शोध कायद्याने आपला नाही त्याचे पदक आपण ठेवणे योग्य नव्हे असे त्यांना वाटले. संस्थेची सभा फिलाडेल्फिया येथे भरली होती. ते पदक परत करण्यासाठी घेऊन गेले. परंतु संस्थेच्या अध्यक्षांनी ते स्वीकारण्याचे साफ नाकारले आणि पदक त्यांचेच असल्याचे जाहीर केले. सभागृहातील अभियंते उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. न्यायालयात गमावलेली गोष्ट त्यांना समव्यवसायी लोकांनी परत दिली.

या साऱ्या कलहात त्यांचे मन एका वेगळ्याच प्रश्नात गुंतले होते. शेजारच्या केंद्राचा उपद्रव चाळणीने टळला. पण विजेच्या कडकडाटाने, यंत्रांच्या ठिणग्यांनी उठणारी खरखर कशी टळावी? ती तर सर्वच कंपनांवर पसरलेली असते. हव्या त्या केंद्राबरोबर चाळणीतून तीही आत येते. मोठमोठ्या तज्ज्ञांनी हा रोग असाध्य ठरवला होता.

त्या काळची नभोवाणी लहरींची उंची कमीजास्त करून आवाज वाहून नेई. रात्री दूरच्या माणसाला कंदिलाची वात लहानमोठी करून खुणा कराव्या, तसे ते होते. वारा सुटला की ज्योत आपोआप फडफडते आणि खूण कोणती व वारा कोणता हे कळेनासे होते. वीज चमकली की लहरींच्या उंचीत अशीच फडफड होते. आर्मस्ट्राँग यांनी वात तेवढीच ठेवून कंदिलाचा रंग बदलण्याचा मार्ग धरला. लहरीची उंची कायम राखून त्यांनी तिची कंपनसंख्या आवाजाप्रमाणे बदलावयास लावली. ग्राहक यंत्रात उंचीतील सर्व चढउतार आधी छाटून टाकावयाचे आणि मग केवळ कंपनांतील बदल तेवढा वाचावयाचा. वाऱ्याने ज्योत कितीही फडफडली, तरी तांबडा तांबडाच आणि हिरवा हिरवाच. हीच ती आज सर्वपरिचित झालेली एफ.एम. पद्धती.

कंपने बदलण्याची कल्पना अगदी नवी नव्हती. जॉन कार्सन या विद्वान गणितज्ञाने 1922 साली आकडेमोड करून तिच्यात काही लाभ नसल्याचे दाखवले होते. कार्सनचे गणित चुकले नव्हते. अरुंद पट्ट्यात खरोखरच लाभ नव्हता. आर्मस्ट्राँग यांनी पट्टा रुंद केला. मध्यम लहरींवर केंद्राला 9 किंवा 10 किलोहर्ट्झची जागा मिळते, एफ.एम. केंद्रांना पुढे सुमारे 200 किलोहर्ट्झ देण्यात आले. आणि मग आणखी एक आश्चर्य दिसून आले. एकाच कंपनसंख्येवर दोन केंद्रे आली तर एफ.एम. यंत्र त्यांची खिचडी करीत नाही; जे जोरकस असेल ते स्वच्छ ऐकू येते आणि दुर्बळ जवळजवळ नाहीसे होते.

26 डिसेंबर 1933 रोजी त्यांना या पद्धतीची एकस्वे मिळाली. 1934 साली एम्पायर स्टेट बिल्डिंग या त्या वेळच्या जगातील सर्वांत उंच इमारतीवरून प्रयोग झाले. सुमारे शंभर किलोमीटरवर एका हौशी मित्राच्या घरी ते ऐकले गेले. वादळ चालू असतानाही एफ.एम.चा आवाज निर्मळ येत होता. परंतु खरे नाट्य घडले ते 5 नोव्हेंबर 1935 रोजी. न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांची सभा भरली होती. याँकर्समध्ये कार्मन रन्यन या हौशी रेडिओवाल्याचे घर हेच प्रक्षेपण केंद्र झाले होते. ग्राहक यंत्र सुरू होताच प्रथम नेहमीची खरखर आली. लहर जुळताच ती एकदम थांबली. इतकी शांतता पसरली, की यंत्र बंद पडले असे श्रोत्यांना वाटले. आणि मग त्या शांततेतून रन्यनचा आवाज शेजारी बसून बोलावे तसा आला. पेल्यात पाणी ओतल्याचा खळखळाट, कागद चुरगळल्याचा आवाज, असे बारीकसारीक नाद मैलोन् मैल दूर अगदी जसेच्या तसे ऐकू आले. जुन्या पद्धतीत कागद चुरगळल्याचा आवाज आणि खरखर यांत भेद करताच आला नसता.

आता सारे जग ही पद्धती उचलून धरील, असे आर्मस्ट्राँग यांना वाटले असल्यास नवल नाही. तसे घडले नाही. रेडिओ कंपन्यांचा पैसा जुन्या केंद्रांत अडकलेला होता आणि त्यांचे लक्ष दूरचित्रवाणीकडे लागले होते. आर.सी.ए.ने त्यांना एम्पायर स्टेट बिल्डिंगवरील आपले सामान हलवण्यास सांगितले. आर्मस्ट्राँग यांनी स्वतःचे तीन लाखांहून अधिक डॉलर खर्चून न्यू जर्सीमध्ये हडसनच्या कड्यावर, अल्पाइन या गावी, 400 फुटांहून उंच मनोरा उभारला आणि तेथून एफ.एम. प्रक्षेपण सुरू करून दाखवले. दुसरे महायुद्ध आले तेव्हा त्यांनी आपली एकस्वे सैन्याला विनामूल्य वापरू दिली. रणगाड्यांच्या व मोटारींच्या ठिणग्यांतही एफ.एम. संच बिनखरखर चालले.

युद्ध संपता संपता, 1945 साली, सरकारी नियंत्रक मंडळाने एफ.एम.ला पूर्वीच्या 42 ते 50 मेगाहर्ट्झच्या जागेवरून उठवून 88 मेगाहर्ट्झच्या वर नेले. लोकांनी विकत घेतलेले काही लाख संच एका निर्णयाने निरुपयोगी झाले. त्यातच अनेक कंपन्या मोबदला न देता त्यांचा शोध वापरू लागल्या. 1948 साली आर्मस्ट्राँग यांनी आर.सी.ए.वर खटला भरला. वर्षांमागून वर्षे साक्षी-पुराव्यांत गेली, संपत्ती वकिलांच्या फीत वितळली, जुना स्नेह तर केव्हाच संपला होता. प्रयोगशाळेत कधीही हार न खाणारा हा माणूस कचेरीच्या कागदांपुढे थकून गेला. मन खचलेल्या अवस्थेत 31 जानेवारी 1954 रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचा दुःखद अंत झाला. तेव्हा ते 63 वर्षांचे होते. पहिल्या शोधाच्या आकृतीवर शिक्का मारून घेतला त्याला त्या दिवशी बरोबर 41 वर्षे झाली होती.

मॅरियन आर्मस्ट्राँग मागे राहिल्या. त्यांनी पतीचे खटले सोडले नाहीत. आर.सी.ए.ने त्याच वर्षी दहा लाखांहून अधिक डॉलर देऊन तडजोड केली. इतर कंपन्यांशी मात्र त्या एकेक करून झगडत राहिल्या. शेवटचा खटला 1967 साली निकालात निघाला आणि तोही मॅरियनबाईंच्याच बाजूने लागला. भारतात आकाशवाणीचे पहिले एफ.एम. प्रक्षेपण 1977 च्या जुलै महिन्यात मद्रास येथे सुरू झाले. मराठवाड्यातील खेड्यांत तो स्वच्छ आवाज पोहोचावयास त्यानंतरही बराच काळ जावा लागला.

अल्पाइनचा मनोरा अजून उभा आहे. 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे कोसळले आणि त्यांच्या माथ्यावरून चालणारी दूरचित्रवाणी केंद्रे एका क्षणात मुकी झाली. त्यांतील काही केंद्रांनी पुढे मेजर आर्मस्ट्राँग यांच्या या जुन्या मनोऱ्यावर आपली यंत्रे चढवली आणि तेथून पुन्हा प्रक्षेपण सुरू केले.